पाण्यात न सुटणारी तिकिटं

लग्न होऊन पौडला आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी माझ्यापुढे ॲल्युमिनियमची पसरट थाळी ठेवली. थाळीत पाणी होतं आणि पाण्यात पाकिटांचे कापलेले कोपरे तरंगत होते.

"तुजी बोटं बारीक हायेत," त्या म्हणाल्या. "बघ बरं, सुटतंय का."

एका कोपऱ्यावरचं टपालाचं तिकीट मी नखानं हलकेच ढकललं. ते कागदावरून घसरलं आणि पाण्यात वेगळं झालं. सासूबाईंनी मान हलवली. स्वयंपाक येतो का, हे त्यांनी त्यानंतर विचारलं.

घरात आम्ही तिघंच होतो. सासरे वारले होते. माझ्या नवऱ्याचं एसटी स्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. धाकटा दीर मालवाहू जहाजावर भटारखान्यात कामाला होता. कोकणातल्या त्याच्या मामानं त्याला तिथे लावून दिलं होतं. काही महिन्यांनी त्याचं पाकीट यायचं आणि प्रत्येक वेळी ते वेगळ्या देशातून आलेलं असायचं.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. पत्र माझा नवरा वाचून दाखवायचा. मी खुशाल आहे, अम्मानं औषध चुकवू नये, दादानं तब्येतीला जपावं. एवढं झालं की सलाम आणि सही.

"चिट्टीत पोरगं त्येच त्येच सांगतंय," सासूबाई म्हणायच्या. "तिकीट मातुर दर टायमाला नवं धाडतंय."

म्हणून त्या तिकिटं जपायच्या. एखाद्या तिकिटावर डोंगर असला की त्या म्हणायच्या, पोरगं थंडीत हाय. बोट असली की म्हणायच्या, मासळी खात असंल. तिकिटं सोडवायची, जुन्या वर्तमानपत्रावर पालथी घालून वाळवायची, पाट्याखाली दाबायची आणि चित्रकलेच्या वहीत लावायची, हे काम आमचं दोघींचं झालं. त्या आधी खळीनं चिकटवायच्या. माझ्या पुण्याच्या शाळेतली एक मैत्रीण तिकिटं जमवायची. तिच्याकडे पाहिलेली रीत मी त्यांना दाखवली. पातळ कागदाची घडी घालायची, तिची एक बाजू तिकिटाला आणि एक वहीला लावायची, म्हणजे तिकीट खराब होत नाही. वही मी तांदळाच्या डब्यात ठेवू लागले. मुळशीच्या दमट हवेत कागद कधी कोरडा म्हणून राहत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरलाही बुरशी येते. तांदळात ती तगली.

मग एकदा केळं आलं.

पोस्टमन दारात उभा राहून पाकीट उलटसुलट करत होता. "ह्ये तिकीट हाय, का कुनी केळं चिटकिवलंय?" त्यानं विचारलं. टोंगा नावाच्या कुठल्याशा बेटाचं ते तिकीट होतं, हुबेहूब केळ्याच्या आकाराचं, पिवळंधमक. सासूबाई इतक्या हरखल्या की शेजारणींना बोलावून दाखवलं. त्यानंतर आफ्रिकेतल्या एका देशाचं आलं. ते त्या देशाच्या नकाशाच्या आकाराचं कापलेलं होतं.

आम्ही दोन्ही तिकिटं पाण्यात टाकली. संध्याकाळपर्यंत पाकिटाचा कागद भिजून लगदा व्हायला आला, पण केळं काही हललं नाही. मागच्या बाजूला बोट लावलं तर चिकट लागलं.

"पाणी लागत न्हाई ह्येला," सासूबाई घाबरून म्हणाल्या. "काड भाईर. मरंल त्ये."

रात्री जेवताना माझ्या नवऱ्यानं तो चिकटपणा अंगठा आणि बोटात चोळून पाहिला आणि वासही घेतला. "हा डिंक न्हाई. रबराचा चीक हाय, आमच्या पंक्चरच्या सोलुशनसारखा. ह्यो पाण्याला न्हाई ऐकायचा, पेट्रोलला ऐकंल."

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर, वाऱ्यात बसून त्यानं कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये बुडवला आणि नकाशाच्या पाठीमागचा कागद ओला केला. थोड्या वेळानं तिकीट सुटलं. पाठ अजून चिकट होती, तिच्यावर मी तोंडाला लावायची पावडर शिंपडली, तेव्हा ते बोटांना चिकटायचं थांबलं. केळंही तसंच सुटलं. सासूबाई लांब उभ्या राहून बघत होत्या.

"ह्ये काम फकस्त हितं," नवरा त्यांना म्हणाला. "घरात न्हाई. काडी पेटली तर समदं घर जाईल. कळलं का, अम्मा?"

"मी काय खुळी हाय?" त्या म्हणाल्या.

पुढचं पाकीट अमेरिकेतून आलं. त्यावर नेहमीची दोन-तीन तिकिटं होती आणि एक न सुटणारं, निळसर, त्यावर एक पांढरं पाखरू. सासूबाईंनी ते खिडकीशी नेलं आणि त्यांचा चेहराच बदलला. पाखराच्या मधोमध बारीक चिरा होत्या, फुलीसारख्या.

"तू बिलेड लावलंस ह्येला?"

"नाही हो अम्मा. मी तर पाकीट आत्ताच हातात घेतलं."

"मंग ह्ये कुनी कापलं? पोस्टमनानं?"

मी खूप सांगून पाहिलं की तिकीट छापतानाच तसं केलेलं असेल, कुणी ते सोडवून परत वापरू नये म्हणून. नवऱ्यालाही तेच वाटलं. त्यानं सोडवायला साफ नकार दिला. "हात लावला की चार तुकडं हुतील. कागदासकट कापून ठिवा." मी कडेनं कागद सोडून ते कापलं आणि वहीत ठेवलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी वही माझ्या हातात दिली नाही. तांदळाचा डबा त्या स्वतः उघडायच्या आणि माझ्याकडे पाठ करून बघायच्या.

त्या पाखरानंतर पत्र आलं नाही.

आधी आम्ही म्हटलं, जहाज लांब असेल. मग नवरा मामाला भेटायला कोकणात जाऊन आला. मामाला काही माहीत नव्हतं. मुंबईतल्या ज्या कचेरीनं दिराला जहाजावर घेतलं होतं, तिथे नवरा दोनदा जाऊन बसला. तिथला माणूस म्हणाला, जहाज व्यवस्थित आहे, माणसांचं आम्ही कळवू. कळवलं कुणीच नाही. पोस्टमन आमच्या दारावरून जाताना सायकलची घंटी वाजवेनासा झाला. सासूबाई तरी रोज उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या. तो दिसेनासा झाला की आत येऊन डबा उघडायच्या.

पावसाळा लागला आणि पाखराची कड पिवळी पडायला लागली. आधी एका बाजूनं पिवळा डाग आला, मग तो तपकिरी होत पाखराच्या पंखाकडे सरकला. मागचा चीकच कागदातून वर येत होता. सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "त्यो डिंक त्येला खातुया." पाखराचं म्हणत होत्या की मुलाचं, मी विचारलं नाही. त्या नवऱ्याच्या मागे लागल्या. त्यानं दर वेळी एकच उत्तर दिलं, सोडवलं तर फाटेल. शेवटी एकदा तो चिडून ओरडला, "अम्मा, तिकीट वाचलं म्हनून त्यो येनार हाय का?" त्यानंतर घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली होती. नवरा दुकानात गेला होता. मी परसात शेळ्यांना पाला टाकून मागच्या दारानं आत आले, आणि उंबऱ्यातच मला पेट्रोलचा वास आला.

सासूबाई स्वयंपाकघरात खिडकीखाली बसल्या होत्या. समोर बशी, बशीत पेट्रोल, शेजारी बूच काढलेली बाटली. दुकानातून कधी आणली होती कोण जाणे. पलीकडच्या भिंतीला चूल. चहा होऊन गेला होता, चुलीत राख दिसत होती. त्या राखेत मला एक तांबडा ठिपका दिसला.

ओरडले असते तर त्या दचकून उठल्या असत्या आणि बाटली कलंडली असती.

"अम्मा," मी होईल तितक्या हळू म्हटलं, "उठू नका. आहात तशाच बसा."

त्यांनी वर पाहिलं. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. "सुटलं गं," त्या म्हणाल्या. "बघ. आख्खं सुटलं." खरंच, तिकीट सुटलं होतं. पाठ चिकट होती म्हणून त्यांनी ते जवळच्या पिठाच्या डब्याला लावून ठेवलं होतं. पाखरू चिरांवर थोडं उसवलं होतं, पण एकसंध होतं.

"छान झालं," मी म्हटलं. "आता काहीच करू नका. मी बाटली बाहेर ठेवून येते."

मी बूच लावलं, बाटली पदरात धरली, मागच्या दारानं बाहेर जाऊन शेळ्यांच्या गोठ्यापलीकडे पावसात ठेवली. संकट टळलं असं वाटून मी तिथेच घटकाभर टेकले.

आत सासूबाईंना वाटलं असावं की माझा नवरा आला तर बशी बघेल. बशी लपवायची म्हणून त्या उठल्या आणि उरलेलं पेट्रोल त्यांनी चुलीतल्या राखेवर ओतलं.

धप्प असा आवाज झाला. मी धावले. दारातून दिसलं ते एवढंच की स्वयंपाकघर पिवळं झालं आहे आणि त्या मधोमध हात पुढे धरून उभ्या आहेत, आणि हातांवर ज्वाळा आहेत. त्या किंचाळत नव्हत्या. उंबऱ्यात पाय पुसायला टाकलेलं गोणपाट पावसानं चिंब झालेलं होतं. ते मी उचललं, त्यांच्या हातांवर टाकलं आणि त्यांना तसंच कवटाळून खाली पाडलं. माझ्या कानाजवळ त्या एकच म्हणत होत्या, "चुलीत इस्तू न्हवता गं, राख हुती, राख हुती."

शेजारच्या बायका बादल्या घेऊन आल्या. त्यांनी दिसेल तिथे पाणी ओतलं. जळत होतं फक्त चुलीवरचं फळकूट आणि एक पडदा, पण भिजलं सगळं घर. त्यात डब्याबाहेर काढलेली वहीही भिजली.

कुणी म्हणालं शाई लावा, कुणी म्हणालं बटाटा. मी कुणालाच हात लावू दिला नाही. मोरीपाशी बसवून मी त्यांच्या हातांवर कळशीनं पाणी सोडत राहिले. तेवढ्यात नवरा पळत आला. त्यानं आईचे हात पाहिले आणि भिंतीला टेकला. मग बाहेर जाऊन वाळूचा एक ट्रक थांबवून आला.

पुण्याचा रस्ता त्या दिवशी जागोजागी पाण्याखाली गेला होता. ड्रायव्हरशेजारी मी, मध्ये सासूबाई, दाराशी नवरा. त्यांचे हात ओल्या धडप्यात गुंडाळून मी छातीशी उंच धरले होते. भुकूमच्या अलीकडे ओढा रस्त्यावरून वाहत होता. पुढे एसटी अडकली होती.

"पानी उतरल्याबगार जाता येनार न्हाई," ड्रायव्हर म्हणाला.

"किती वेळ?" नवऱ्यानं विचारलं.

"आता त्ये पावसाला इचारा."

आम्ही थांबलो. सासूबाईंना थंडी वाजायला लागली होती. दातांचा आवाज येत होता. मधेच त्या गप्प झाल्या, मान कलंडली, आणि मी त्यांच्या गालावर थापटून म्हटलं, "अम्मा, बोला माझ्याशी. केळ्याच्या देशात काय करत असेल तो?"

त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "उनात बसलाय."

"आणि?"

"भात खातुया."

मी विचारत राहिले आणि त्या एकेका शब्दानं सांगत राहिल्या. नवरा खिडकीबाहेर तोंड करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. शेवटी ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि ट्रक पाण्यात घातला. पाणी पायरीपर्यंत आलं, इंजिन एकदा गचकलं, आणि आम्ही पलीकडे निघालो.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हात वाचतील, बोटं किती वळतील ते नंतर कळेल. पाणी ओतत राहिलात ते बरं केलंत, असंही म्हणाले.

सासूबाईंना घरी आणलं तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. त्या झोपल्या की मी वही उघडायचे. पाण्यानं नेहमीची तिकिटं सुटून एकमेकांना चिकटली होती, काही पानांतून वाहूनच गेली होती. डोंगर गेला, बोट गेली. केळं आणि नकाशा मात्र पानावर पावडर लावून ठेवले होते तसेच होते, फक्त ओले. पुसले की झालं. पाखरू पिठाच्या डब्यावरच होतं. ते तिथून काढायचं धाडस आता कुणात नव्हतं. सासूबाईंनी तिकिटांचं नाव काढलं नाही. त्या दिवसभर दाराकडे पाठ करून पडून राहायच्या.

अशाच एका दुपारी मी त्यांना वाटीनं पेज पाजत होते. दारात सावली पडली. हातात पत्र्याची पेटी, अंगात सैल झालेला सदरा, गालफडं बसलेली. मी लग्नातल्या गर्दीत पाहिलेला माणूस हाच का, हे मला पटेना.

"भाभी," तो म्हणाला, "अम्माला काय झालं?"

सासूबाईंनी आवाज ओळखला, पण वळल्या नाहीत. त्यांना वाटलं असावं की भास आहे. तो पेटी टाकून त्यांच्यासमोर जाऊन बसला तेव्हा त्या बघत राहिल्या, आणि मग पट्ट्या बांधलेल्या एका हातानं त्याच्या तोंडावर मारू लागल्या. हात दुखत असणारच. तो मार खात बसला.

त्याला कुठल्याशा बंदरात कावीळ झाली होती. जहाज त्याला तिथल्या दवाखान्यात सोडून पुढे गेलं. ज्या सोबत्यानं घरी कळवतो म्हणून सांगितलं, त्यानं कळवलं नाही. अंगात उठायचं बळ नव्हतं, आणि नंतर आलं तेव्हा वाटलं, आता स्वतःच पोहोचू.

संध्याकाळी नवऱ्यानं त्याला आगीची हकीकत सांगितली. तो उसळला. "एका तिकिटापायी? अम्मा, तू तिकिटापायी हात जाळून घेतलेस?"

"तुजं तिकीट हुतं," त्या म्हणाल्या.

"माजं कुटलं? मी तर ती तिकिटं बघत बी न्हाई!"

मी त्याला खूण केली, पण त्याला थांबता आलं नाही.

"जहाज धक्क्याला लागलं की भटारखान्यात दुप्पट काम असतंय. बाकीची लोकं उतरत्यात, मी न्हाई उतरत. चिट्टी लिवून धक्क्यावरच्या मानसाजवळ देतो. त्यो काय लावतो, केळं का पाखरू, मला काय ठावं?"

सासूबाईंनी विचारलं, "म्हंजी केळ्याच्या मुलखात तू उतरलाच न्हाईस?"

"न्हाई."

"तितं ऊन हाय का न्हाई?"

"ठावं न्हाई, अम्मा."

"इतकं दिस मी तुला उनात बसल्यालं बघत हुते," त्या म्हणाल्या.

तो उठून परसात गेला. मला वाटलं, आता हा परत आत येणार नाही. नवरा त्याच्यामागे जायला निघाला तर सासूबाईंनी त्याला नुसत्या मानेनं अडवलं. अंधार पडायच्या सुमारास तो आत आला, हात धुतले, आणि मला चुलीपासून बाजूला व्हायला सांगितलं. त्यानं आमटी केली, तांदळाच्या भाकरी थापल्या. ताट घेऊन आईसमोर बसला आणि घास करून भरवू लागला. चौथा-पाचवा घास झाल्यावर त्या म्हणाल्या, "मीठ कमी हाय." तो म्हणाला, "जहाजावर कमीच घालत्यात."

पट्ट्या सुटेपर्यंत रोज दोन्ही वेळा त्यानंच भरवलं. त्यांच्या डाव्या हाताची बोटं वळू लागली. उजव्याची दोन कायमची ताठ राहिली.

तो पुन्हा जहाजावर जाणार हे कळलं तेव्हा नवऱ्यानं दुकानात भागीदारी देऊ केली. पण दिराला दुकानातला पेट्रोलचा वास सहन होत नव्हता. आमच्या घरात कुणालाच आता तो सहन होत नव्हता. सासूबाईंनी अडवलं नाही. स्टँडवर मुंबईला जोडणारी गाडी लागली, तो चढला, खिडकीशी बसला. कंडक्टरनं घंटी ओढली तेव्हा सासूबाई पुढे झाल्या आणि गाडीच्या पत्र्यावर कोपरानं थापा मारू लागल्या. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

"उतरत जा," त्या खिडकीकडे बघून ओरडल्या. "जितं लागंल तितं, घटकाभर का हुईना, उतरत जा."

त्यानं मान हलवली. गाडी गेली.

पुढचं पाकीट आलं त्यावर साधंच तिकीट होतं, कुठल्याशा राजाचं तोंड असलेलं. सासूबाईंनी ते माझ्याकडे दिलं. थाळी, पाणी, वही हे सगळं मी बघायचं असं आपसूक ठरलं होतं. त्या पत्र वाचणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसल्या. पत्र या वेळी दोन कागदांचं होतं. बंदरात तो खाली उतरला होता. बाजारात गेला, कांद्याचा भाव विचारला, कुणालाच त्याची भाषा कळेना, हातवारे करून अंजीर घेतले, आणि परतताना रस्ता चुकला. तेवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला.

"मंग?" सासूबाईंनी विचारलं.

नवऱ्यानं पान उलटलं. "मग काय, पळाला असंल. पुढं खुशालीच लिवलीया."

"पुन्यांदा वाच," त्या म्हणाल्या. "बाजारापासनं."